फोटोला चारही बाजूंनी सारखी बॉर्डर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात फोटो छापून आणि फ्रेम करून मिळतात. बॉर्डरबद्दल काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. घाई असेल तर ४, ७ आणि १० एवढे तरी वाचा. वाया गेलेल्या बहुतेक प्रिंटांची कारणं या तिघांत सापडतात.

१. बॉर्डर टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

दोन रस्ते आहेत. एकात फोटोच्या बाहेर नवीन जागा वाढवतात आणि तिच्यात रंग भरतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला कॅनव्हास वाढवणं म्हणतात. दुसऱ्यात फोटोच्याच अंगावर, आतल्या बाजूने, रंगाची पट्टी ओढतात. त्याला स्ट्रोक म्हणतात. स्ट्रोक लवकर होतो, पण तेवढा फोटो झाकला जातो. लग्नाच्या ग्रुप फोटोत अगदी कडेला उभ्या असलेल्या मामांचा अर्धा खांदा पट्टीखाली गेला, की घरात तीच गोष्ट वर्षभर ऐकावी लागते. म्हणून इथे सगळीकडे पहिला रस्ता धरला आहे.

२. फोटोशॉप विकत घ्यावंच लागेल का?

नाही. गिंप पूर्ण मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. विंडोजवर इरफानव्ह्यू आहे. ते घरगुती वापराला मोफत आहे, स्टुडिओ किंवा दुकानासाठी मात्र लायसन्स घ्यावं लागतं. फोटोशॉप आधीच असेल तर उत्तमच, पण फक्त बॉर्डरसाठी ते घेऊ नका.

३. फोटोशॉपमध्ये कसं करायचं?

आधी फोटो छपाईच्या मापाला आणा (माप कसं ठरवायचं ते प्रश्न १० मध्ये आहे). मग ‘इमेज’ मेनूतून ‘कॅनव्हास साइझ’ उघडा. ‘रिलेटिव्ह’ समोरच्या चौकोनात खूण करा, एकक पिक्सेल ठेवा, रुंदी आणि उंची दोन्हीत एकच आकडा लिहा. खालच्या नऊ घरांच्या चौकोनात मधलं घर निवडलेलं असू द्या आणि सगळ्यात खाली रंग निवडा.

रंगाचा पर्याय फिका दिसत असेल आणि निवडताच येत नसेल, तर तुमच्या फाइलमध्ये ‘बॅकग्राउंड’ लेयर उरलेला नाही. मग नवी जागा पारदर्शक येते. ‘फ्लॅटन इमेज’ करून पुन्हा सुरुवात करा.

४. मी १०० लिहिलं, पण बॉर्डर ५० चीच आली. असं का?

फोटोशॉपचं कॅनव्हास साइझ दोन्ही बाजू मिळून एकूण किती वाढवायचं ते विचारतं. १०० लिहिले की डावीकडे ५० आणि उजवीकडे ५० अशी वाटणी होते. प्रत्येक बाजूला ७५ हवे असतील तर १५० लिहा.

इरफानव्ह्यूत आणि गिंपच्या ‘अ‍ॅड बॉर्डर’मध्ये उलटं आहे. तिथे आकडा एका बाजूचा असतो, ७५ हवे तर ७५च. दोन सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. संगणकाजवळ एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: फोटोशॉप आणि गिंपचं कॅनव्हास साइझ दुप्पट, बाकी एकेरी.

५. गिंपमध्ये ‘अ‍ॅड बॉर्डर’ केलं तर चारही बाजूंचा रंग वेगळा येऊन राहिला. बिघडलं काय?

बिघडलं काही नाही. ‘फिल्टर्स’मधल्या ‘डेकोर’ खालचं ‘अ‍ॅड बॉर्डर’ मुळात उठावदार चौकटीसाठी बनवलं आहे. त्यात ‘डेल्टा व्हॅल्यू ऑन कलर’ नावाचा एक आकडा असतो, आधीपासून २५ भरलेला. त्यामुळे काही बाजू उजळ होतात आणि काही गडद. तो आकडा शून्य करा, एक्स आणि वाय या दोन्हींत सारखं माप लिहा, सपाट एकरंगी बॉर्डर मिळेल.

मला स्वतःला गिंपचं ‘कॅनव्हास साइझ’ जास्त पटतं, पण तिथे दुसरा सापळा आहे. रुंदी आणि उंचीच्या मध्ये एक छोटी साखळी दिसते. ती जोडलेली असेल तर रुंदी वाढवताच उंची प्रमाणात वाढते आणि बॉर्डर वाकडी होते. साखळीवर क्लिक करून ती तोडा. मग जुन्या रुंदीत १५० आणि जुन्या उंचीतही १५० मिळवून नवे आकडे लिहा आणि ‘सेंटर’ दाबा. शेवटी ‘फ्लॅटन इमेज’ केलं की नव्या जागेत तुमचा बॅकग्राउंड रंग भरला जातो, म्हणून तो आधीच पांढरा करून ठेवा.

६. इरफानव्ह्यूत?

शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा. डावी, उजवी, वर, खाली अशी चार घरं येतात. चारही घरांत एकच आकडा लिहा, खाली रंग निवडा. नवख्याला मी आधी हेच शिकवतो, कारण चारही बाजू डोळ्यासमोर वेगवेगळ्या दिसतात.

७. टक्क्यांत टाकलं तर सोपं पडत नाही का? प्रत्येक फोटोला १० टक्के.

सोपं वाटतं, पण टक्क्यांत बॉर्डर सारखी येत नाही. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो घ्या. रुंदीचे १० टक्के ६००, उंचीचे १० टक्के ४००. म्हणजे डावी-उजवीकडे ३०० आणि वर-खाली २००. फक्त चौरस फोटोलाच टक्के चालतात.

या कामाला मी लागलो त्या वर्षी एका साखरपुड्याचा अख्खा अल्बम मी असा टक्क्यांत करून छापला होता. पडद्यावर लक्षात आलं नाही. आडवे आणि उभे फोटो एका पानावर शेजारी लागले तेव्हा कळलं, की आडव्यांत बाजूच्या पट्ट्या जाड आहेत आणि उभ्यांत वरच्या-खालच्या. सगळा अल्बम पुन्हा छापून दिला. तेव्हापासून पिक्सेल किंवा मिलिमीटर, तिसरं एकक मी वापरत नाही.

८. बॉर्डर किती रुंद असावी?

छपाई ३०० पिक्सेल प्रति इंच धरली तर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास १२ पिक्सेल. ४×६ इंचाच्या प्रिंटवर पाव इंच, म्हणजे ७५ पिक्सेल, छान दिसते. ८×१२ वर अर्धा इंच, म्हणजे १५०. १२×१८ वर पाऊण इंच, म्हणजे २२५. याहून बारीक बॉर्डरला कापणीत थोडा फरक पडला तरी तो लगेच दिसतो. मोठी हवी असेल तर खुशाल घ्या. एकट्या माणसाच्या शांत फोटोला रुंद मोकळी जागा शोभते, भरगच्च ग्रुप फोटोला बारीक.

९. घरी सारखी टाकली होती, लॅबमधून एका बाजूने कटून आली. कोणाची चूक?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. बिनबॉर्डरच्या छपाईत कागदाच्या कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन फोटो जरासा मोठा करतं. जास्तीचा भाग कागदाबाहेर जातो किंवा कापला जातो. साध्या फोटोत हे कळत नाही. बॉर्डर असली की एका बाजूचे दोन मिलिमीटर गेलेले लगेच दिसतात.

फाइल देतानाच सांगा: “यात बॉर्डर आहे, मोठं करू नका, आहे त्या मापात छापा.” फाइलचं माप कागदाच्या मापाशी तंतोतंत जुळलेलं असू द्या, म्हणजे ४×६ साठी १८०० × १२०० पिक्सेल. आणि पन्नास प्रिंट काढायच्या आधी एक काढून फूटपट्टीने मोजा. आमच्या काउंटरवर स्टीलची पट्टी दोरीने बांधूनच ठेवली आहे, ती मागायला कोणी लाजू नका.

१०. कॅमेऱ्याचा फोटोही ४×६ च्या प्रमाणातला आणि कागदही. मग बॉर्डर टाकल्यावर बसत का नाही?

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा.

४×६ कागदावर चारही बाजूंनी पाव इंच सोडला तर आत उरलेली जागा ३.५ × ५.५ इंच. कागदाचं प्रमाण ६ भागिले ४, म्हणजे १.५. आतल्या जागेचं ५.५ भागिले ३.५, म्हणजे १.५७. दोन्ही बाजूंतून सारखी लांबी वजा केली की प्रमाण बदलतं आणि उरलेली जागा थोडी लांबट होते. तुमचा फोटो मात्र १.५ चाच आहे. म्हणून लहान करून बसवला, तर एक जोडी बाजू जाड राहते.

उपाय एकच: बॉर्डरच्या आधी फोटो आतल्या जागेच्या प्रमाणात क्रॉप करायचा. ते प्रमाण ११:७ आहे. आणि प्रश्न ८ मधली मापं पाळली तर ८×१२ आणि १२×१८ लाही हेच ११:७ लागतं, कारण कागद आणि बॉर्डर सोबतच वाढतात. एकदा क्रॉप केलेला फोटो तिन्ही मापांत चालतो.

प्रत्यक्ष आकडे असे. ४×६ साठी फोटो १६५० × १०५० करा, चारही बाजूंनी ७५ जोडा, १८०० × १२०० तयार. ८×१२ साठी ३३०० × २१०० आणि १५०. १२×१८ साठी ४९५० × ३१५० आणि २२५. ५×७ चा हिशोब वेगळा आहे: पाव इंच बॉर्डरला आतली जागा ४.५ × ६.५ इंच, म्हणजे १९५० × १३५०, प्रमाण १३:९.

कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोत ११:७ क्रॉपने उंचीचे साडेचार टक्के जातात, ते सहसा जाणवत नाहीत. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो. त्यात १५ टक्के जातात, आणि तिथे कोणाचं डोकं किंवा पाय जाताहेत का ते प्रत्येक फोटोत बघावंच लागतं.

११. मला फोटोचा एक इंचही कापायचा नाही. तरी बॉर्डर सारखी हवी.

मग कागद कापा. ३:२ चा फोटो १५७५ × १०५० करा आणि चारही बाजूंनी ७५ जोडा. १७२५ × १२०० झालं. आता फक्त उजव्या बाजूला आणखी ७५ पिक्सेल फिक्या राखाडी रंगात जोडा, म्हणजे ४×६ चं माप पूर्ण होतं. छापून आल्यावर ती राखाडी पट्टी कटरने काढून टाका. रंग राखाडी अशासाठी, की कुठे कापायचं ती रेघ स्पष्ट दिसते. हाताने कात्रीने कापू नका, दुकानात पेपर कटर असतो, मिनिटभराचं काम आहे.

१२. उन्हाळ्यातल्या फोटोत आकाश पांढरं आणि बॉर्डरही पांढरी. वरची बाजू दिसतच नाही.

नागपूरच्या मे महिन्यातलं दुपारचं आकाश कॅमेऱ्यात निळं राहतच नाही, पांढरंफटक येतं. एका ताईंनी दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो आणला होता. पांढरा घुमट, मागे पांढरं आकाश, भोवती पांढरी बॉर्डर. खालून बघितलं तर चौकट, वरून बघितलं तर घुमट कोऱ्या कागदावर तरंगतो आहे.

अशा वेळी फोटो आणि बॉर्डर यांच्यात बारीक राखाडी रेघ ओढायची. कॅनव्हास दोनदा वाढवा: आधी प्रत्येक बाजूला ३ पिक्सेल राखाडी, मग ७२ पिक्सेल पांढरे. एकूण ७५च राहतात, त्यामुळे प्रश्न १० मधलं माप बदलत नाही. फोटोशॉपमध्ये हे आकडे ६ आणि १४४ होतील (प्रश्न ४). छापल्यावर ३ पिक्सेल म्हणजे पाव मिलिमीटर. एक पिक्सेल ठेवला तर तो प्रिंटमध्ये तुटक दिसतो. रेघ काळी करू नका, ती शोकपत्रासारखी दिसते. त्या ताईंच्या प्रिंटवर मधल्या राखाडीची रेघ ओढली आणि घुमटाला पुन्हा आकाश मिळालं.

१३. पांढरी, काळी की रंगीत?

माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ फोटोंना पांढरी. काळी बॉर्डर रात्रीच्या फोटोंना खुलते, फुटाळा तलावाच्या काठावरचे दिवे, दिवाळीची रोषणाई. पण तिच्यावर बोटांचे ठसे चटकन उमटतात.

रंगीत बॉर्डर फोटोतलाच रंग घेऊन करण्याचा मोह होतो. मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो आणि पिवळी मारबत म्हणून पिवळी बॉर्डर, अशी मागणी दरवर्षी पोळ्यानंतर येते. करून देतो, पण शेजारी पांढऱ्या बॉर्डरचा नमुनाही ठेवतो. पिवळ्यात मूर्तीचा पिवळा मरतो, पांढऱ्यात तो उजळतो. दोन्ही शेजारी बघितल्यावर बरेच जण पांढरा उचलतात.

पांढरा निवडताना तो पूर्ण पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे २५५ असा घ्या. मग तिथे शाई पडतच नाही, कागदाचा स्वतःचा रंग राहतो. २५० घेतला तर कधीकधी हलकी मळकट झाक येते.

१४. लग्नाचे तीनशे फोटो आहेत. एकेक करत बसू का?

नाही. फोटोशॉपमध्ये एका फोटोवरच्या पायऱ्या ‘अ‍ॅक्शन’ म्हणून नोंदवा आणि त्या सगळ्या फोटोंवर ‘बॅच’ने चालवा. इरफानव्ह्यूच्या ‘बॅच कन्व्हर्जन’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीतही कॅनव्हासचा पर्याय आहे. आडवे-उभे मिसळलेले असले तरी अडत नाही, कारण प्रत्येक बाजूला ठरावीक पिक्सेल जोडायचे आहेत.

अडचण वेगळीच असते: मुख्य कॅमेऱ्याचे फोटो ६००० पिक्सेलचे, आत्याच्या मोबाइलचे ४००० चे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले १६०० चे. सगळ्यांना १०० जोडले तर छापल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोची बॉर्डर भलतीच जाड दिसेल. म्हणून आधी सगळ्यांची लांब बाजू एकाच मापाची करा, मग बॉर्डर. फोटोशॉपमध्ये ‘फाइल’ मेनूच्या ‘ऑटोमेट’मधलं ‘फिट इमेज’ त्यासाठीच आहे. आणि नातेवाइकांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मूळ पिक्सेल टिकतात. लहान फोटो ओढून मोठा केला की बॉर्डर सारखी येईल, पण चेहरे मऊ पडतील. त्यावर बॉर्डर हा इलाज नाही.

क्रॉप मात्र बॅचवर सोडू नका. तो हातानेच.

१५. इंस्टाग्रामसाठी किती?

उभ्या ४:५ पोस्टचं माप १०८० × १३५०. प्रत्येक बाजूला ४० ठेवले तर फोटो १००० × १२७० चा हवा. हिशोब प्रश्न १० सारखाच. प्रोफाइलवरच्या जाळीत फोटो थोडा कापून दाखवला जातो, त्यामुळे तिथे बॉर्डर असमान दिसेल. उघडल्यावर ती बरोबर असते. ज्यांचा फोन लाइट मोडवर आहे त्यांना पांढरी बॉर्डर वेगळी दिसणारच नाही, हे लक्षात ठेवा.

१६. एका बाजूला एक पिक्सेल जास्त येतो. काय करू?

फोटोशॉपमध्ये किंवा गिंपच्या कॅनव्हास साइझमध्ये विषम आकडा वाढवला की असं होतं. १५१ चे दोन सारखे भाग पडत नाहीत, ७५ आणि ७६ पडतात. वाढवायचा आकडा समच ठेवा. ठरावीक कॅनव्हासच्या मधोमध फोटो बसवत असाल तर फोटोचंही माप सम असू द्या. छापल्यावर एक पिक्सेल कळत नाही, पण बारीक राखाडी रेघेच्या कामात पडद्यावर कळतो.

१७. सारखी आली की नाही, हे नक्की कसं तपासायचं?

दोन वजाबाक्या करा. नवी रुंदी वजा जुनी रुंदी, नवी उंची वजा जुनी उंची. दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. न आल्यास टक्क्यांची किंवा साखळीची चूक झाली आहे (प्रश्न ७ आणि ५).

वजाबाकी जुळली, पण फोटो एका बाजूला सरकला असण्याची शक्यता उरते. त्यासाठी ७५ × ७५ चं चौकोनी सिलेक्शन घ्या आणि झूम वाढवून चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. चौकोनाचं आतलं टोक दर वेळी फोटोच्या कोपऱ्यालाच टेकलं पाहिजे. नुसत्या नजरेवर विसंबू नका, गडद फोटोभोवतीची पट्टी जास्त जाड भासते.

१८. फ्रेममध्ये टाकल्यावर बॉर्डर अर्धी गायब झाली.

फ्रेमच्या आतल्या खाचेखाली प्रिंटची कड जाते. तुमच्या फ्रेमची खाच मोजा. बऱ्याच फ्रेममध्ये ती ५-६ मिलिमीटर असते. २० मिलिमीटर बॉर्डर दिसायला हवी असेल आणि खाच ५ ची असेल, तर २५ ठेवून छापा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. छापलेली बॉर्डर म्हणजे माउंट नव्हे. माउंटच्या जाड पुठ्ठ्यामुळे फोटो आणि काच यांच्यात अंतर राहतं. छापलेली बॉर्डर काचेला टेकते आणि फोटोही टेकतो. आपल्याकडे उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो, लगेच पावसाळा येतो, हवेतली ओल फोटो काचेला चिकटवते. असा चिकटलेला फोटो सोडवताना वरचा थर निघून येतो. आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो असेल तर माउंट लावाच.

१९. मोजून सारखी आहे, तरी खालची पट्टी कमी वाटते.

तुमची नजर बरोबर आहे. भिंतीवरचं चित्र अगदी मधोमध असलं तरी डोळ्याला ते जरा खाली घसरल्यासारखं वाटतं. म्हणून जुने फ्रेमवाले माउंट कापताना खालची बाजू थोडी जास्त ठेवत. अल्बम आणि पडद्यासाठी चारही बाजू सारख्याच ठेवा. भिंतीवरच्या मोठ्या फोटोला मी बाजू आणि वर २२५ आणि खाली २५० पिक्सेल देतो, वाढीव २५ फोटोच्या उंचीतून क्रॉप करून. हा एकच अपवाद.

२०. जुन्या फोटोच्या स्कॅनला बॉर्डर टाकली तर फोटो तिरपा दिसतो.

तो आधीपासूनच तिरपा होता, सरळ चौकटीने ते उघड केलं. आधी फिरवून सरळ करा, कडा क्रॉप करा, मग बॉर्डर टाका. जुन्या प्रिंटला स्वतःची नक्षीदार पांढरी कड असेल तर ती कापू नका, तीही त्या काळाची खूण आहे.

२१. पासपोर्ट फोटोला बॉर्डर चालते का?

अर्जात स्पष्ट मागितली नसेल तर टाकू नका. माप फोटोचं असतं. बॉर्डर त्यातली जागा खाते आणि चेहरा लहान होतो.

२२. टाकलेली बॉर्डर नंतर काढता येते का?

येते. फोटोशॉपमध्ये ‘इमेज’ मेनूतलं ‘ट्रिम’ कोपऱ्यातला रंग पाहून कडा कापतं. पण जेपेग फाइल असेल तर बॉर्डर आणि फोटो जिथे भेटतात तिथे रंगाचे बारीक डाग पडलेले असतात, ट्रिमनंतर एखादी मळकी ओळ राहून जाते. पांढऱ्या आकाशाचा फोटो असेल तर ट्रिम आकाशही खाऊ शकतं. शिवाय जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडा दर्जा जातो.

म्हणून मूळ फाइल कधीच बदलू नका, बॉर्डर नेहमी प्रतीवर टाका आणि ती सगळ्यात शेवटी टाका. प्रतीच्या नावात मी कागदाचं माप आणि बॉर्डरचा आकडा दोन्ही लिहितो, ‘मारबत ४×६ बॉर्डर ७५’ असं. सहा महिन्यांनी कोणी आणखी दोन प्रती मागितल्या, की पुन्हा मोजायला लागत नाही.